दूरदेशीचे मित्र : समाजवादी काळातील बालसाहित्याकडे वळणाऱ्यांसाठी प्रस्तावना

सेर्गेई बारुझ्दिन या सोव्हिएत लेखकाने 1950 च्या दशकात लहान मुलांसाठी ‘रवी आणि शशी’ नावाचे एक छोटे पुस्तक लिहिले. रवी आणि शशी ही हत्तीची दोन पिल्ले. पंडित नेहरूंनी सोव्हिएत मुलांना भेट म्हणून पाठवलेली ही पिल्ले समुद्रमार्गे भारतातून निघतात आणि मॉस्कोच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचतात, एवढेच कथानक. याच लेखकाचे दुसरे पुस्तक ‘स्नेझोक भारतात कसा पोहोचला’ याविषयी आहे. त्यातला स्नेझोक म्हणजे उत्तरेकडच्या बर्फातले पांढरे अस्वल. ते उलट दिशेने, भारतातल्या मुलांकडे येते. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की आहेर आणि परतीचा आहेर असा व्यवहार पूर्ण झालेला दिसतो. यात पुढारी आहेत, जहाजे आहेत, परराष्ट्र धोरण आहे. पण मुलाच्या डोळ्यांपुढे राहतो तो घराबाहेर पडलेला एक लहानगा प्राणी आणि त्याला सांभाळून नेणारी मोठी माणसे. राष्ट्राराष्ट्रांचे नाते पाच-सहा वर्षांच्या मुलाला कसे समजवावे, या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे, आणि माझ्या मते चांगले उत्तर आहे.

ही प्रस्तावना अशाच पुस्तकांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी आहे. 1917 च्या क्रांतीनंतर सोव्हिएत संघात, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, चीन इत्यादी देशांत, मुलांसाठी जे विपुल साहित्य निर्माण झाले, त्यात दूरच्या देशांतल्या मित्रांची एक ठळक ओळ आहे. कधी तो भारतातला पोऱ्या आहे, कधी चिनी मुलगा, कधी आफ्रिकेतला, क्यूबातला किंवा व्हिएतनाममधला समवयस्क. गोष्टी, पद्ये, चित्रपुस्तके, ‘मुर्झिल्का’सारखी मासिके, कार्टूनपट, बालनाट्ये या सगळ्यांत हा मित्र भेटतो. त्याच्याविषयी लिहिताना बहुतेक अभ्यासक दोन टोकांपैकी एक धरतात. एक म्हणजे हा सारा सरकारी प्रचार. दुसरे म्हणजे हे निरागस बंधुभावाचे सोनेरी दिवस. या दोन्ही भूमिका पुस्तक न उघडता घेता येतात, हाच त्यांचा मोठा दोष. पुस्तक उघडल्यावर विचारण्याजोगा प्रश्न साधा आहे : या मैत्रीत देणारा कोण आणि घेणारा कोण? दूरचा मित्र स्वतः काही करतो, बोलतो, नाही म्हणतो का, की तो फक्त आपल्या मदतीची वाट पाहत उभा असतो? हा प्रश्न हाताशी धरून चालले की सत्तर वर्षांच्या या साहित्यातले चढउतार बरेच स्पष्ट दिसू लागतात.

सुरुवात निकोलाय तिखोनोव्हच्या ‘सामी’पासून करावी. 1920 साली लिहिलेली ही दीर्घ कविता एका भारतीय मुलाची आहे. सामी एका इंग्रज साहेबाकडे चाकरी करतो, त्याचा मार खातो. साहेबाच्या बोलण्यातून त्याच्या कानावर लेनिनचे नाव पडते. ते त्याला धड उच्चारताही येत नाही, पण कुठेतरी डोंगरांपलीकडे आपल्यासारख्यांचा वाली आहे, अशी त्याची समजूत होते आणि रात्री तो त्याची प्रार्थना करतो. तिखोनोव्ह तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा होता आणि त्याने भारत पाहिलेला नव्हता. ही कविता पुढे शाळकरी मुलांच्या वाचनात आली आणि सोव्हिएत मुलांच्या पिढ्यांना भारताची ओळख सामीच्या पाठीवरच्या वळांतून झाली. कविता म्हणून ती बळकट आहे. वेदनेचे चित्र खोटे नाही. पण मैत्रीचा साचा तिने असा घडवला की सामी दुःख भोगतो आणि आशा मात्र दुसरीकडून येते. त्याच्या गावात, त्याच्या शेजारीपाजारी कुणी लढत आहे, याचा मागमूस कवितेत नाही. त्याच वर्षी इकडे असहकाराची चळवळ सुरू झाली होती, हे ध्यानात घेतले की या गाळलेल्या जागेची लांबीरुंदी कळते.

1920 च्या दशकात आग्निया बार्तोने आपल्या पहिल्या पुस्तकासाठी वांग ली हा चिनी मुलगा निवडला (1925), आणि 1928 मध्ये ‘ब्रातिश्की’, म्हणजे छोटे भाऊ, या चित्रपुस्तकात वेगवेगळ्या वर्णांच्या मुलांना एका भावंडकीत बसवले. या काळातल्या सोव्हिएत चित्रपुस्तकांचे देखणेपण आजही थक्क करते. मोजके रंग, कापून चिकटवल्यासारखे आकार, पानभर पसरलेली मोकळी जागा. मात्र त्याच चित्रभाषेने प्रत्येक मुलाला एक रंग आणि एक पोशाख नेमून दिला. पृथ्वीगोलाभोवती हात धरून उभी असलेली मुले पुढे पोस्टरांवर, शुभेच्छापत्रांवर आणि मासिकांच्या मुखपृष्ठांवर हजारो वेळा आली. अशा चित्रात मधोमध कोण आहे, वयाने मोठे कोण दिसते, कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर आहे, हे पाहण्याची सवय नव्या अभ्यासकाने पहिल्या आठवड्यातच लावून घ्यावी.

1933 चे सामुइल मार्शाकचे ‘मिस्टर ट्विस्टर’ हा या साहित्यातला एक मोठा टप्पा. ट्विस्टर हा अमेरिकी धनाढ्य लेनिनग्राडच्या सहलीला येतो आणि हॉटेलात एक कृष्णवर्णीय पाहुणा दिसताच तिथे राहायला नकार देतो. मग शहरात त्याला कुठेही खोली मिळत नाही, कारण दरबानांनी आपापसांत तसे ठरवलेले असते. शेवटी मुकाट्याने परत यावे लागते. व्लादीमिर लेबेदेव्हची चित्रे आणि मार्शाकची ठसकेबाज पद्यरचना यांमुळे हे पुस्तक दशकानुदशके छापले गेले. त्यातला एकच प्रसंग बारकाईने पाहा. तो कृष्णवर्णीय पाहुणा जिना उतरतो. घाई नाही, कठड्यावर हात, तोंडात पाइप. तो भांडत नाही, दया मागत नाही, आपल्याविषयी कुणाला काही समजावूनही सांगत नाही. त्याची चालच पुरेशी आहे. सामीनंतर तेरा वर्षांनी दूरच्या माणसाला इथे स्वतःचा रुबाब मिळाला. अजून त्याला नाव नाही आणि भांडण त्याच्या वतीने इतरच लढतात, हेही खरे. पण घरात त्याची जागा ठरलेली आहे आणि ती कुणाच्या मेहेरबानीने नाही, एवढे त्या जिन्याने मुलांना शिकवले. मला हा प्रसंग या संपूर्ण साहित्यातल्या मोजक्या थोर प्रसंगांपैकी एक वाटतो.

भारताच्या बाबतीत खरे वळण 1955 साली आले. जूनमध्ये नेहरू सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेले, वर्षअखेरीस सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात आले, आणि ‘हिंदी-रूसी भाई भाई’ ही घोषणा दोन्हीकडे दुमदुमली. त्याच वर्षी फेब्रुवारीत भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला होता. म्हणजे प्रत्यक्षातला भारत धरणे आणि भट्ट्या उभारत होता. मुलांच्या साहित्यातला भारत मात्र फार वेळा राजे, जंगले आणि हत्ती यांचाच राहिला. लेव आतामानोव्हचा, या वळणाच्या आदल्याच वर्षीचा म्हणजे 1954 चा, ‘सोनेरी हरिणी’ हा कार्टूनपट याचे सुंदर उदाहरण आहे. अनाथ मुलगा हरिणीला वाचवतो. लोभी राजाला तिच्या खुरांतून उडणारे सोने हवे असते. राजाने ‘पुरे’ म्हणताच सगळे सोने खापऱ्या होऊन जाते. भारतीय लोककथेच्या वळणाची ही कथा, तिच्यातले महाल, हत्ती, वटवृक्ष यांच्यावर चित्रकारांनी घेतलेली मेहनत डोळ्यांत भरते. इथे इंग्रजही नाहीत आणि रशियनही नाहीत. मुलगा स्वतःच्या धिटाईने जिंकतो. मदतीला बाहेरून कुणी येत नाही, म्हणूनच हा मुलगा सामीपेक्षा मोकळा वाटतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर हा भारत कोणत्याच काळातला नाही आणि त्या मुलाला मॉस्कोतल्या मुलाने पत्र लिहायचे म्हटले तर पत्ता काय घालणार, असा प्रश्न पडतो. परीकथेतला भारत आणि पोलादाचा भारत हे दोन्ही एकाच मासिकाच्या एकाच वर्षाच्या अंकांत कसे नांदत होते, हा कुणीतरी मनापासून घ्यावा असा प्रबंधविषय आहे.

याच काळातली सर्वांत धाडसी गोष्ट रंगभूमीवर घडली. 1960 मध्ये मॉस्कोच्या मध्यवर्ती बालनाट्यगृहात ‘रामायण’ सादर झाले. संहिता भारतविद्येच्या अभ्यासक नताल्या गुसेवा यांची, आणि रामाची भूमिका गेन्नादी पेच्निकोव्ह यांची. हा प्रयोग वर्षानुवर्षे चालला. नेहरूंनीही तो पाहिला. आणि 2008 मध्ये भारत सरकारने पेच्निकोव्ह यांना पद्मश्री दिली. धर्माला शाळेबाहेर ठेवणाऱ्या राज्यात मुलांपुढे राम उभा करायचा, तर त्याचे देवपण काय करायचे? उत्तर असे निघाले की वचन पाळणारा पुत्र, पत्नीसाठी समुद्र ओलांडणारा पती आणि वानरांना बरोबरीने वागवणारा मित्र एवढा राम पुरेसा आहे. आपल्याकडेही कीर्तनकार रामाला असेच माणसात आणतात, तेव्हा मराठी वाचकाला यात परकेपणा वाटू नये. महत्त्वाचे हे की इथे देण्याघेण्याची दिशा पालटली. भारत इथे मदत घेणारा नाही. तो कथा देणारा आहे आणि मॉस्कोची मुले ती घेणारी आहेत.

मराठी अभ्यासकाला सर्वांत जवळचा धागा मात्र आणखी जुना आहे. त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात, 1469 च्या सुमारास, चौलला उतरला आणि तिथून जुन्नरला गेला. होर्मुझहून त्याने एक घोडा विकायला आणला होता. जुन्नरच्या खानाने तो घोडा जप्त केला आणि मुसलमान झालास तर परत देईन असे बजावले. एका खुरासानी ओळखीच्याने मध्यस्थी केली, तेव्हा घोडाही मिळाला आणि धर्मही राहिला. पावसाळा त्याने जुन्नरमध्ये काढला. पुढे तो बिदरला गेला. त्याची रोजनिशी ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने रशियन साहित्यात अजरामर झाली आहे. वास्को द गामाच्या अठ्ठावीस-एकोणतीस वर्षे आधी आलेला, तोफा न घेता आलेला हा पाहुणा सोव्हिएत काळाला फारच सोयीचा होता. 1955 मध्ये त्वेरमध्ये (तेव्हाचे नाव कालीनिन) व्होल्गाकाठी त्याचा पुतळा उभा राहिला. 1957 मध्ये ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी त्याच्यावर ‘परदेसी’ हा संयुक्त चित्रपट केला. मुलांसाठीच्या कथनांत निकितिन हा दोन देशांच्या मैत्रीचा मूळपुरुष झाला.

मूळ रोजनिशी वाचली तर तिचा सूर निराळा लागतो. तिथे उपासतापासाचे दिवस चुकले, ईस्टर कधी आला तेही कळेना, आपला धर्म आपल्या हातून निसटतो आहे, या विचाराने कासावीस झालेला एक एकटा माणूस आहे. व्यापार फसला याचीही त्याला चरचर आहे. आपल्याला खोटे सांगून इकडे पाठवले, असे तो स्पष्ट लिहितो. हा माणूस मुलांसाठीच्या मैत्रीच्या कथेत मागे सरकला. कथनकारांनी काय ठेवले आणि काय गाळले हे पाहण्यासाठी याहून चांगला नमुना नाही, कारण मूळ मजकूर उपलब्ध आहे, स्थळे आपल्या पायाखालची आहेत, आणि जुन्नर-चौलचा इतिहास मराठीत भरपूर लिहिला गेला आहे. जुन्नरचा पाऊस पाहिलेल्या मराठी माणसाला निकितिनच्या चिखलाच्या नोंदी कळायला तळटीप लागत नाही. हे काम मॉस्कोत किंवा म्युनिकमध्ये बसून तितके चांगले होणार नाही.

चीनची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती अचानक तुटते. 1950 च्या दशकात सोव्हिएत मुलांच्या पुस्तकांत चिनी मित्राची रेलचेल होती. 1960 च्या उन्हाळ्यात सोव्हिएत तंत्रज्ञ चीनमधून माघारी बोलावले गेले आणि पुढे हा मित्र हळूहळू पानांवरून नाहीसा झाला. ज्या मुलाने सातव्या वर्षी त्याच्यावर प्रेम केले, त्याला दहाव्या वर्षी कुणी काही सांगितले का? मैत्री शिकवणाऱ्या साहित्याने मैत्री तुटल्याचे कधी शिकवले नाही, आणि ही या परंपरेतली मला सर्वांत खटकणारी उणीव आहे.

आफ्रिकेच्या वाट्याला वेगळेच आले. चुकोव्हस्कीच्या 1920-30 च्या दशकांतल्या पद्यांत आफ्रिका म्हणजे दरोडेखोर बार्मालेय आणि लिंपोपोकाठची आजारी जनावरे. 1960 मध्ये मॉस्कोत लोकमैत्री विद्यापीठ स्थापन झाले, पुढल्या वर्षी काँगोचे नेते पात्रिस लुमुंबा यांच्या हत्येनंतर त्याला त्यांचे नाव दिले गेले, आणि रस्त्यांवर खरेखुरे आफ्रिकी विद्यार्थी दिसू लागले. तेव्हा जुनी गमतीदार आफ्रिका अपुरी पडू लागली. पूर्व जर्मनीत लुडविग रेनने 1955 मध्येच नोबी या आफ्रिकी मुलाला नायक केले होते. आलेक्स वेडिंगने पतीच्या राजनैतिक नेमणुकीमुळे चीनमध्ये राहून चिनी मुलांवर कादंबरी लिहिली होती. जर्मन पुस्तकांत अभ्यास आणि माहिती अधिक, सोव्हिएत पुस्तकांत खेळकरपणा अधिक, असा माझा अनुभव आहे. उलट उदाहरणे सापडली तर आनंदच आहे.

आणि मग 1966 मध्ये एडुआर्द उस्पेन्स्कीचा चेबुराश्का आला. संत्र्यांच्या खोक्यात झोपून गेलेला, दूरच्या उष्ण अरण्यातून चुकून शहरात पोहोचलेला हा प्राणी कोणत्याच जातीत बसत नाही, म्हणून प्राणिसंग्रहालय त्याला घेत नाही. गेना नावाचा मगर ‘मित्र हवा’ अशी जाहिरात लावतो आणि चेबुराश्का त्याच्याकडे जातो. पुढे एकट्या पडलेल्या सगळ्यांसाठी ते मिळून घर बांधतात. या पुस्तकात करार नाही, घोषणा नाही, मित्रराष्ट्र नाही. तरी दूरदेशीच्या मित्राचे सोव्हिएत साहित्यातले सर्वांत जिवंत चित्र हेच आहे, असे मी ठामपणे म्हणेन. चेबुराश्काला देश नसल्यामुळे त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्याला स्वतःच बोलावे लागते, विटा उचलाव्या लागतात, चुका कराव्या लागतात. तो घेतो तितकेच देतो.

ही पुस्तके नुसती वाचली जात नव्हती, हेही लक्षात ठेवावे. सोव्हिएत शाळांत आणि पायोनियर या बालसंघटनेच्या भवनांत आंतरराष्ट्रीय मैत्री मंडळे होती. तिथे मुले परदेशी मुलांना पत्रे लिहीत, तिकिटे जमवत, इतर देशांचे पोशाख घालून कार्यक्रम करत. क्रिमियातल्या आर्तेक शिबिरात देशोदेशीची मुले एकत्र राहत. पूर्व जर्मनीतल्या मुलांनी अमेरिकेतली कृष्णवर्णीय कार्यकर्ती अँजेला डेव्हिस तुरुंगात असताना तिला गुलाबांची चित्रे काढलेली पोस्टकार्डे ढिगांनी पाठवली. यातले किती मनापासून आणि किती शिक्षकांनी सांगितले म्हणून, हे एकाच मुलाच्या बाबतीतही एका शब्दात सांगता येणार नाही. ज्याने वर्गासोबत सांगितल्याप्रमाणे गुलाब काढला, त्याला तो गुलाब चांगला यावा असेही वाटले असेल. प्रचार आणि प्रेम एकाच कागदावर असू शकतात, ही गोष्ट मान्य केल्याशिवाय या क्षेत्रात पाऊल टाकू नये.

आता आपल्या बाजूकडे. 1970-80 च्या दशकांत मॉस्कोत मराठीत छापलेली बालपुस्तके महाराष्ट्रात येत असत. अनिल हवालदारांसारख्या अनुवादकांनी ती मराठीत आणली, लोकवाङ्मय गृहाने ती वाचकांपर्यंत पोहोचवली, आणि जाड कागदाची, रंगीत चित्रांची ही पुस्तके अगदी स्वस्तात मिळत. आपल्या आठवणीत राहिले ते द्रागून्स्कीचा देनिस, गैदारचे चुक आणि गेक, बर्फ, आगगाडी, बाबांची वाट पाहणारी घरे. म्हणजे मराठी मुलांनी रशियन मुलांना त्यांच्या घरात जाऊन पाहिले, आणि रशियन मुलांनी भारतीय मुलांना हत्ती, हरिणी आणि सामी यांच्यातून पाहिले. दोन्ही बाजूंच्या दृष्टीत हा जो फरक आहे, तो मोजायला दोन्हीकडची पुस्तके वाचणारा माणूस लागतो. कॅट्रिओना केली, एव्हगेनी स्टाइनर, बेन हेलमन यांच्यासारख्यांनी सोव्हिएत बालपण आणि बालसाहित्य यांवर पायाभूत काम केले आहे. ते अवश्य वाचावे. पण त्यांच्या वाचनात आपण चित्राचा विषय असतो. चित्रातल्या माणसाने चित्राविषयी बोलणे अजून बाकी आहे.

काम सुरू करताना पुस्तकाचे शेवटचे पान आधी पाहा. सोव्हिएत पुस्तकांत तिथे छपाईला दिल्याची तारीख, प्रतींची संख्या, किंमत, चित्रकार आणि संपादक यांची नावे असतात. कोणते पुस्तक कोणत्या राजकीय हवेत निघाले हे त्या चार ओळींवरून कळते. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या मिळाल्या तर दोन्ही घ्या. बदललेली चित्रे आणि गाळलेली कडवी बरेच काही सांगतात. रशियन शिका. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ती शिकता येते, आणि बालपुस्तकांपुरती रशियन दोन-तीन वर्षांत हाती येते. मॉस्कोच्या राज्य बालग्रंथालयाने जुनी पुस्तके इंटरनेटवर खुली केली आहेत. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अनुवादांच्या प्रती अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मिळतात.

मूळ मराठी प्रती मात्र झपाट्याने नाहीशा होत आहेत. तालुक्याच्या वाचनालयांत, शाळांच्या कुलूपबंद कपाटांत, कामगार संघटनांच्या जुन्या कार्यालयांत त्या अजून आहेत आणि दरवर्षी रद्दीत जात आहेत. पुस्तकांवर मुलांनी लिहिलेली नावे, बक्षीस म्हणून मिळाल्याचे शिक्के, समासातल्या पेन्सिलीच्या रेघा या अभ्यासासाठी छापील मजकुराइतक्याच मोलाच्या आहेत. तुमच्या माहितीत असे एखादे कपाट असेल, तर ते विकले जाण्यापूर्वी त्यातल्या प्रत्येक पुस्तकाचे मुखपृष्ठ, शेवटचे पान आणि हाताने लिहिलेल्या सगळ्या खुणा यांची छायाचित्रे घेऊन ठेवा आणि यादी करा.